गुलमोहराचं मूळ गाव

(मंडळाच्या आषाढातल्या मासिक कार्यक्रमात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला एकच जण उभा असला, तरी हे भाषण आमचं पाच जणांचं आहे. आम्ही रोज सकाळी एकत्र फिरायला जातो. आमच्यात दोघं भेलमधून निवृत्त झालेले, एक शाळेतल्या बाई, एक बँकेतले आणि एक आमच्या सगळ्यांच्या काकू. वाचायचं काम कोणी करायचं, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. म्हणून चुका झाल्या तर त्या पाच जणांत वाटून घ्याव्यात आणि आवडलं तर श्रेय काकूंना द्यावं, कारण विषय त्यांनी सुचवला.

विषय तुम्हाला माहीत आहे. या सभागृहाच्या खिडकीतून तो दिसतो. आपल्या आवारातला गुलमोहर.

गेल्या उन्हाळ्यातल्या वादळात त्याची एक मोठी फांदी मांडवाच्या पत्र्यावर पडली. रात्रीची वेळ होती, कोणी खाली नव्हतं, पण पत्रा वाकला आणि चर्चा सुरू झाली. झाड काढून टाकावं, तिथं फरशी घालावी, म्हणजे गणेशोत्सवाच्या मांडवाला मोकळी जागा मिळेल, असं काहींचं म्हणणं. ठेवावं, असं काहींचं म्हणणं. गणेशोत्सव आटोपल्यावर सर्वसाधारण सभेत हा विषय येणार आहे. त्या चर्चेत एक वाक्य आमच्या कानावर पडलं आणि आम्ही पाचही जण थोडे चमकलो. वाक्य असं: "नाही तरी ते परदेशी झाड आहे. आपलं कुठं आहे?"

म्हटलं, जरा शोधावं. हे झाड मूळचं कुठलं?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पुण्याला लग्नकार्याला गेलो की पंगतीत शेजारचे विचारतात, "तुम्ही कुठले?" आपण सांगतो, "भोपाळचे." लगेच पुढचा प्रश्न, "ते झालं हो, पण मूळचे कुठले?" मग आपण नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर करत करत आजोबांच्या आजोबांच्या गावापर्यंत मागं जातो, जिथं आता आपलं घरही नाही आणि आपल्याला ओळखणारं माणूसही नाही. गुलमोहराची गोष्ट साधारण अशीच आहे.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरचं हे मोठं बेट. त्या बेटाच्या पश्चिम आणि उत्तर भागात कोरडी, पानगळीची जंगलं आहेत, ते त्याचं घर. 1820 च्या दशकात वेंझेल बोयर नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावर फुलपॉइंट या गावी आला. हा मूळचा बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाचा, आणि राहायला मॉरिशसला. तिथल्या एका बागेत त्याला हे झाड फुललेलं दिसलं. ते तो मॉरिशसला घेऊन आला. 1829 साली कर्टिसच्या वनस्पती-मासिकात त्याचं रंगीत चित्र आणि वर्णन छापून आलं आणि युरोपातल्या बागांना त्याची ओळख झाली. बोयर पुढं मॉरिशसलाच राहिला आणि 1856 मध्ये तिथंच वारला. तोही आपल्यासारखाच, दुसऱ्या गावात मुरलेला.

गंमत पुढं आहे. बोयरनं पाहिलेलं झाड लावलेलं होतं, रानातलं नव्हतं. पुढची शंभरेक वर्षं हे झाड जगभर रस्तोरस्ती लागलं, बागांत फुललं, लोकांनी त्यावर गाणी केली, पण त्याचं रानातलं घर शास्त्रज्ञांना सापडत नव्हतं. 1930 च्या दशकात मादागास्करच्या पश्चिमेकडच्या जंगलात रानटी गुलमोहर सापडला, तेव्हा कुठं त्याचा पत्ता लागला. आज त्या जंगलांवर कोळशासाठी आणि शेतीसाठी कुऱ्हाड चालते. साऱ्या जगात भरभराट आणि मूळ गावी घर पडायला आलेलं, ही स्थिती आपल्यातल्या कित्येकांना समजावून सांगायला नको.

हे झाड जगभर गेलं कसं? बाईंनी एक दिवस पिशवीतून शेंग काढून दाखवली. हातभर लांब, चपटी, लाकडासारखी टणक. आपण लहानपणी याच शेंगांच्या तलवारी करून लढलो. आतलं बी इतकं कठीण की नुसतं मातीत टाकलं तर लवकर रुजत नाही. एका टोकाला कानशीनं घासावं लागतं, किंवा गरम पाणी ओतून रात्रभर भिजवावं लागतं. माळ्याला हे कटकटीचं वाटतं, पण जहाजाच्या प्रवासाला असं बी उत्तम. महिनेच्या महिने खलाशाच्या पेटीत पडून राहिलं तरी आतला जीव शाबूत राहतो. शिवाय झाड भराभर वाढतं, चार-पाच वर्षांत फुलायला लागतं, वाळकं ऊन सोसतं आणि छत्रीसारखी सावली धरतं. ज्यांना नवी शहरं, नव्या छावण्या, नवे रस्ते घाईनं सजवायचे होते, त्यांना असंच झाड हवं होतं.

भारतात तो मुंबईत उतरला. 1840 साली शिवडीला गुलमोहर दिसल्याची नोंद जुन्या पुस्तकांत दिली जाते.

या सालाशी आम्ही थांबलो, कारण आमच्यातल्या बँकवाल्यांना दुसरी एक गोष्ट आठवली. मॉरिशसमध्ये गुलामी 1835 मध्ये संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते आणि 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसं नेणं सुरू झालं होतं. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती, बरीचशी रत्नागिरीकडची. पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली, तो आप्रवासी घाट आज युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. म्हणजे बघा, साधारण एकाच काळात, एकाच समुद्रावरून, मॉरिशसकडून गुलमोहर मुंबईला येत होता आणि मुंबईहून कोकणातला माणूस मॉरिशसला जात होता. झाडाला इथं सावली धरायला लावलं आणि माणसाला तिथं ऊस तोडायला.

त्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांनी तिथं गणपती बसवला. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या शाळांत मराठी शिकवतात. आणि डिसेंबरात, जेव्हा आपण भोपाळात स्वेटर काढतो, तेव्हा तिथला उन्हाळा असतो आणि तिथल्या मराठी वस्त्यांच्या रस्त्यांवर गुलमोहर फुललेला असतो. उद्या तिथलं कोणी इथं आलं आणि आपल्या आवारातलं झाड पाहिलं, तर ते म्हणेल, "अरे, हे तर आमच्याकडचं!"

"आमच्याकडचं" असं म्हणणारे मात्र फार आहेत. फ्रेंच लोक त्याला फ्लांबोयां म्हणतात, म्हणजे ज्वाळांसारखा. मॉरिशसच्या शेजारच्या रेयुनियों बेटावर 20 डिसेंबर 1848 ला गुलामी संपली. त्या दिवसांत तिथं गुलमोहर बहरलेला असतो, म्हणून मुक्तीच्या दिवसाशी त्याचं नातं जडलं. तिकडे अटलांटिकच्या पलीकडे सेंट किट्स आणि नेव्हिस या चिमुकल्या देशाचं ते राष्ट्रीय फूल आहे. अमेरिकेत मायामीला 1937 पासून त्याचा उत्सव होतो. व्हिएतनाममध्ये त्याच्या नावाचा अर्थ फिनिक्स पक्ष्याची शेपटी. हायफाँग शहर तर स्वतःला लाल गुलमोहराचं शहर म्हणवतं. तिथं तो शाळेच्या आवारात लावतात. शाळा संपायच्या सुमाराला फुलतो, म्हणून त्याला विद्यार्थ्यांचं फूल म्हणतात. परीक्षा, निकाल, मैत्रिणींची ताटातूट हे सगळं त्या फुलात आलं. आपल्याकडेही वेगळं काय होतं? गुलमोहर फुलला की वार्षिक परीक्षा आटोपलेली असायची आणि निकालाची धाकधूक सुरू असायची.

आपल्या देशातही त्याला नावं पुष्कळ. बंगाल्यांनी त्याला कृष्णचूडा करून टाकलं. केरळातल्या ख्रिस्ती मंडळींमध्ये तो कालवरीचं फूल आहे, येशूच्या रक्तानं लाल झालेलं. आपला "गुल" हा फारसीतला, म्हणजे फूल. पुढचा "मोहर" आपण आंब्याचा मोहर समजतो, कोणी सोन्याची मोहर समजतो, काही जुनी माणसं गुलमोर म्हणतात आणि त्यात मोर पाहतात. ज्याला जे जवळचं, ते त्यानं त्याच्यात पाहिलं.

महाराष्ट्रात तर साताऱ्याच्या लोकांनी कमाल केली. दर वर्षी 1 मे ला तिथं गुलमोहर दिवस साजरा होतो. फुललेल्या झाडांखाली चित्रकार चित्रं काढतात, कवी कविता वाचतात. 1 मे म्हणजे महाराष्ट्र दिन. आपणही त्या दिवशी इथं झेंडावंदन आणि गाण्यांचा कार्यक्रम करतो, आणि आपल्या आवारातला गुलमोहर नेमका तेव्हाच लाल व्हायला लागलेला असतो. हे इतकी वर्षं आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

इथं आम्हाला थोडं थांबून दुसरी बाजू मांडायची आहे. नाहीतर हे भाषण म्हणजे नुसती झाडाची आरती होईल.

जे लोक गुलमोहराबद्दल तक्रार करतात, ते उगीच करत नाहीत. त्याचं लाकूड ठिसूळ. फांद्या आडव्या आणि लांब पसरतात, पावसानं जड होतात आणि वादळात मोडतात. मुळं वरवर पसरतात, फुटपाथ उचलतात, भिंतीला तडे देतात. वड-पिंपळासारखं शतकं काढणारं हे झाड नाही. पन्नाशी-साठीला ते म्हातारं होतं. गुरांना, माणसांना, पाखरांना द्यायला त्याच्याकडे फारसं काही नाही. आमच्यातल्या एकांना पक्ष्यांचा नाद आहे. ते म्हणाले, "पळसमैना नावाचा पक्षी आहे. गुलमोहरमैना नावाचा पक्षी मी ऐकला नाही." त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. पळस फुलला की त्याच्यावर भोरड्यांचे थवे उतरतात, शिंजीर येतात, बुलबुल येतात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी झाल्या, फुलांचा रंग झाला. काटेसावर, पांगारा, बहावा, मोह, करंज, कडुनिंब यांचं इथल्या माती-पाण्याशी आणि किडा-मुंगीशी हजारो वर्षांचं देणं-घेणं आहे. गुलमोहराचं इथलं खातं जेमतेम पावणेदोनशे वर्षांचं.

आणि पाहुणा झाड किती बेताल होऊ शकतं, याचीही उदाहरणं आहेत. नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा, हा गुलमोहराच्या जोडीनं जगभर फिरलेला. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना-बोलिव्हियाकडचा. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया शहराची ओळखच जॅकरांडाचं शहर अशी आहे. ऑस्ट्रेलियात ग्राफ्टन गावी त्याचा उत्सव 1930 च्या दशकापासून चालत आलाय. पण त्याच दक्षिण आफ्रिकेत तो ओढ्याकाठी रानात घुसला, तिथल्या झाडांची जागा घ्यायला लागला, म्हणून काही प्रांतांत त्याचं नाव आक्रमक झाडांच्या यादीत गेलं. शहरातली जुनी झाडं लोकांनी जपली, पण मोकळ्या रानात त्याला पाय ठेवू द्यायचा नाही असं ठरवलं. आम्हाला हा शहाणपणा आवडला. झाड कुठून आलं एवढ्यावर निकाल नाही. इथं येऊन ते कसं वागतं, शेजाऱ्याची जागा खातं का, हे पाहायचं.

त्या कसोटीवर आपला गुलमोहर कुठं बसतो? तो आपल्या आसपासच्या रानात घुसून पळसाला हाकलत नाही. जिथं लावला तिथं उभा राहतो. उन्हाळ्यात, जेव्हा भोपाळचं ऊन माणसाला घराबाहेर पडू देत नाही, तेव्हा सावली देतो. पाखरांना कमी देतो, हे खरं. मुलांना मात्र पुष्कळ देतो. पाच पाकळ्यांतली एक पांढरट, पिवळे-लाल ठिपके असलेली, ती आमच्या वेळी राजा असायची. ती आंबटसर लागते म्हणून खायची. केसरांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची, ज्याचं तुटलं तो हरला. कळीच्या बाहेरची लाल-हिरवी सालं नखांवर चिकटवून भुतासारखं घाबरवायचं. काकू म्हणाल्या, "माझी पहिली नेलपॉलिश तीच!"

आता आपल्या शहराविषयी. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी झाली. त्याआधीच्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. तिकडच्या कचेऱ्यांतली, तशीच ग्वाल्हेर-इंदूरकडची मराठी माणसं फायलींच्या पेट्यांबरोबर इथं आली. मग भेलचा कारखाना उभा राहिला, त्याच्याबरोबर आणखी आली. तात्या टोपे नगर, शिवाजीनगर, तुळशीनगर अशा वसाहती झाल्या. जुनी माणसं सांगतात, सरकारी क्वार्टर नवे, आजूबाजूला उजाड माळ आणि दुपारी नुसता फुफाटा. त्या रस्त्यांना लावलेल्या झाडांत गुलमोहर होता. घराघरांच्या अंगणातही तो गेला, कारण लवकर वाढायचा. बदलीवर आलेल्या माणसाला वडाची सावली बघायला मिळेल याची खात्री नसते. गुलमोहराची मिळते.

आपल्या आवारातलं झाडही त्याच वेळचं. मंडळाची तेव्हा एक पत्र्याची खोली होती. तिच्यासमोर रोप लावणाऱ्यांपैकी आज कोणी आपल्यात नाही. ते स्वतः नवखे होते, मराठी शाळा कुठं आहे, किराणा उधारीवर कोण देतो, याचा शोध घेत होते. त्यांना हे झाड मादागास्करचं आहे हे माहीत असण्याचा संभव कमी आणि माहीत असतं तरी त्यांना त्याचं काही वाटलं नसतं. या झाडाखाली पहिले गणपती बसले. खाली खुर्च्या मांडून नाटकाच्या तालमी झाल्या. कित्येकांची लग्नं याच झाडाखालच्या गप्पांत जमली. आत्ता दोन जण हसले, ते त्यातलेच.

आणि एक आठवण सांगायला हवी. 1984 च्या डिसेंबरातली ती रात्र. जुन्या शहरात त्या कारखान्याच्या आसपास झाडांची पानं पिवळी पडून गळून गेली होती. माणसं गेली, जनावरं गेली, आणि उरलेल्या माणसांना बोडकी झाडं बघवत नव्हती. आमच्यातल्या एकांनी त्या दिवसांत तिकडे मदतीचं काम केलं होतं. ते त्याबद्दल कधी बोलत नाहीत. या भाषणाची तयारी करताना पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "पुढं त्याच फांद्यांना पालवी फुटली, तेव्हा लोक थांबून बघत होते. झाड देशी का परदेशी, कोणी विचारलं नाही."

अगदी अलीकडचं तुम्हाला आठवत असेलच. जून 2024 मध्ये शिवाजीनगर आणि तुळशीनगरच्या भागात मंत्री-आमदारांसाठी नवी घरं बांधायचा प्रस्ताव आला. त्यात एकोणतीस हजारांच्या आसपास झाडं जाणार असल्याची बातमी होती. माणसं रस्त्यावर आली. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, पूजा केली. प्रस्ताव सरकारला बाजूला ठेवावा लागला. त्याआधी 2016 मध्येही त्याच भागातून स्मार्ट सिटीचा प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे हलला होता. मात्र तो तात्या टोपे नगरकडे गेला आणि तिथली झाडं गेली. मंडळी, आपल्यातले कितीतरी जण 2024 मध्ये त्या गर्दीत होते. दुसऱ्याच्या अंगणातल्या झाडाला मिठी मारून आलेल्या माणसांनी आपल्या अंगणातल्या झाडावर फरशी घालावी का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

नुसता प्रश्न विचारून खाली बसणं बरं नाही. म्हणून आमचं म्हणणं चार मुद्द्यांत सांगतो.

पहिलं, झाडाची तपासणी करून घ्यावी. खोड पोकळ आहे का, मुळं धरून आहेत का, हे आपल्यापैकी कोणी पायानं टकटक करून ठरवू नये. जाणकार माणूस बोलवावा. शहरातलं झाड, स्वतःच्या आवारातलं असलं तरी, परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यासाठी 2001 चा कायदा आहे. म्हणजे महापालिकेकडे जायचंच आहे, तर आधी तपासणीसाठी जाऊ. तपासणीत झाड धोक्याचं निघालं, तर आम्ही पाचही जण हात वर करून ते काढायला मत देऊ. खाली मुलं खेळतात. भावनेपायी कोणाचा जीव धोक्यात घालायचा नाही.

दुसरं, झाड ठीक निघालं तर पत्र्याकडे झुकलेल्या जड फांद्या पावसाळ्यानंतर नीट कापून घ्याव्यात. कुऱ्हाडीनं तोडून ठुंठ ठेवू नये, करवतीनं, खोडाच्या जोडापाशी. अशी निगा दर दोन-तीन वर्षांनी लागते. आपण ती कधीच केली नाही आणि फांदी पडल्यावर दोष झाडाला दिला.

तिसरं, बुंध्याभोवतीची फरशी फोडावी. गेल्या वेळी आवार स्वच्छ दिसावं म्हणून आपण सिमेंट अगदी खोडापर्यंत नेलं. पाणी आणि हवा मुळांपर्यंत जाणार कशी? राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी असा आदेश दिला होता की खोडाभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको. त्या लवादाचं मध्य विभागाचं पीठ आपल्याच शहरात आहे. त्यांनी आपल्याला विचारायच्या आत आपण ते करावं. ठराव मांडणाऱ्यांना एक सांगतो, सिमेंट घालायच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत आमच्यातले तिघं होते. चूक आमचीही आहे.

चौथं आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं. कितीही जपला तरी हा गुलमोहर म्हातारा आहे. आणखी दहा वर्षं, फार तर पंधरा. तो जाईल तेव्हा आवार उघडं पडू नये, म्हणून आत्ताच त्याच्या सावलीच्या बाहेर, भिंतीपासून लांब, दोन रोपं लावू. एक पळस, एक बहावा. दोन्ही इथली. पळस सावकाश वाढतो, त्याला भरपूर ऊन लागतं, आणि त्याचं मूळ खोल जातं म्हणून रोप फार दिवस पिशवीत ठेवू नये. बहाव्याचं बी गुलमोहरासारखंच कठीण, म्हणून तयार रोप आणलेलं बरं. गुलमोहराची सावली आहे तोवर ही दोन मुलं मोठी होतील. फाल्गुनात पळस केशरी होईल, वैशाखात बहावा पिवळा आणि गुलमोहर लाल, तिघं एका आवारात. आणि जेव्हा गुलमोहर जाईल, तेव्हा पळसमैनांना उतरायला जागा असेल.

या चौथ्या मुद्द्यावर आमच्यात वाद झाला, तोही सांगतो. आमच्यातले एक म्हणाले, "मग गुलमोहराचंच दुसरं रोप का नको? वारसा म्हणायचा तर तोच." काकूंनी त्यांना उत्तर दिलं. म्हणाल्या, "आपल्या सासू-सासऱ्यांनी इथं आल्यावर जे चटकन वाढेल ते लावलं. त्यांना घाई होती. आपल्याला घाई नाही. आपण इथले आहोत. इथल्या माणसानं इथलं झाड लावावं." यापुढं वाद थांबला.

मित्रहो, आपल्या मराठीत आता हिंदीचे शब्द आलेत, पोहे-जिलबीशिवाय आपला रविवार जात नाही, आणि नातवंडं "आजी, चलो ना" म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत. तरीही आपण दर भाद्रपदात इथं गणपती बसवतो आणि कोणी विचारलंच तर भोपाळचे म्हणून सांगतो. आवारातल्या झाडाबद्दल सर्वसाधारण सभेत बोलताना "परदेशी" हा शब्द तोंडात आला, तर क्षणभर थांबावं, एवढीच आमची विनंती. झाड काढायचं असेल तर ते धोक्याचं आहे म्हणून काढू. ते बाहेरचं आहे म्हणून नको.

जाता जाता एक काम. सध्या झाडावर हिरव्या शेंगा लटकलेल्या आहेत. उत्सवात मुलांना घेऊन याल तेव्हा त्यांना त्या दाखवा आणि हे बी जहाजानं कुठून कुठं गेलं ते सांगा. मॉरिशसच्या गणपतीचंही सांगा. आणि पळस-बहाव्याची रोपं आणायला या पावसात आमच्याबरोबर कोण येणार, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर काकूंकडे नाव द्यावं. खड्डे खणायला तरुण मंडळी लागतील, कारण आमच्या पाचांच्या गुडघ्यांची एकूण अवस्था त्या गुलमोहरासारखीच आहे.